‘नऊ’ची शाळा की ‘चार’ची? माँटगोमेरी काउंटीतल्या मिडल स्कूलचे आकडे कसे वाचायचे

प्रश्न पुण्याहून बदलीवर येणाऱ्या एका आईचा आहे. मुलगी येत्या ऑगस्टमध्ये सहावीत बसणार, नवऱ्याचं ऑफिस मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीत, रॉकव्हिलला. भाड्याची दोन घरं नजरेत आहेत. इथे घराच्या पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते. घरांच्या साइटवर एका घराच्या मिडल स्कूलला (सहावी ते आठवी) दहापैकी नऊ आहेत, दुसऱ्याच्या शाळेला चार. त्या लिहितात: “चारवाल्या शाळेत हिस्पॅनिक आणि ब्लॅक मुलं बरीच दिसतात, आणि आठवीच्या गणितात प्रोफिशियंट, म्हणजे इयत्तेच्या अपेक्षेइतकं येणारे, दहा टक्केसुद्धा नाहीत. नऊच्या हद्दीतलं घर महिन्याला आठशे डॉलरने महाग आहे. मुलीसाठी ते घ्यायलाच हवं ना?”

मी या काउंटीत अकरा वर्षं मिडल स्कूलला गणित शिकवलं आणि नंतर बरीच वर्षं शाळांच्या निकालांचे तक्तेच चाळले. त्यामुळे आधी उत्तर सांगते: त्या आकड्यापायी महिन्याचे आठशे डॉलर घालवू नका. घर प्रशस्त आहे, ऑफिस जवळ पडतं, मेट्रो चालत गाठता येते म्हणून आवडलं असेल तर जरूर घ्या. नऊ आणि चारमधला फरक मात्र तुम्हाला वाटतो तो नाही.

तुम्हाला धडकी भरली ती आठवीच्या गणिताने, तर सुरुवात तिथूनच. मेरीलँडमध्ये दर वसंतात एमकॅप नावाची राज्य परीक्षा होते. सहावी, सातवी, आठवी, प्रत्येकीची गणिताची परीक्षा वेगळी. पण जी मुलगी आठवीतच अल्जिब्रा १, म्हणजे पुढचा बीजगणिताचा अभ्यासक्रम, शिकते, ती आठवीच्या गणिताचा पेपर देतच नाही. तिचा पेपर अल्जिब्रा १चा, आणि तिचा निकाल त्या ओळीत जातो. आता समजा एका शाळेत आठवीत शंभर मुलं आहेत. पासष्ट मुलं अल्जिब्रात किंवा त्याच्याही पुढे. राहिली पस्तीस, म्हणजे ज्यांना गणित आधीपासून जड जातंय तीच. त्या पस्तिसांपैकी तिघं प्रोफिशियंट झाली तर तक्त्यात आकडा येतो साडेआठ टक्के. शाळेच्या आठवीत गणित येणारी मुलं साडेआठ टक्के आहेत असा याचा अर्थ अजिबात नाही. पण साइटवर तो तसाच छापला जातो, आणि पुण्यात बसून वाचणाऱ्या आईचा जीव खालीवर होतो.

गंमत अशी की शाळेने खटपट करून आणखी दहा मुलं अल्जिब्रात ढकलली, तर आठवीची ओळ आणखी खाली जाते. काम चांगलं केलं म्हणून आकडा पडला, असं मी स्वतः दोनदा पाहिलंय. हे एका शाळेचंही नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये अख्ख्या राज्याचा आठवीच्या गणिताचा आकडा एकअंकी होता. तेव्हा आठवीची ओळ आणि अल्जिब्रा १ची ओळ शेजारी ठेवूनच वाचायची, आणि मुख्य म्हणजे दोन्हींत परीक्षा दिलेल्या मुलांची संख्या बघायची. टक्क्याच्या शेजारच्या त्या संख्येकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, आणि मला विचाराल तर तक्त्यातला सगळ्यात कामाचा रकाना तोच.

तक्त्यात काही ठिकाणी टक्क्याऐवजी तारांकन दिसेल. त्या गटात दहापेक्षा कमी मुलं आहेत, म्हणून आकडा झाकलाय. तसंच ‘५ किंवा कमी’, ‘९५ किंवा जास्त’ असंही दिसेल. ते मुलांची ओळख झाकण्यासाठी असतं. शाळा काही लपवतेय असं समजू नका.

आता काउंटी. न्यू जर्सीत तुमचे कोणी नातेवाईक असतील तर त्यांचा सल्ला इथे जरा जपून घ्या. तिकडे बहुतेक प्रत्येक टाउनशिपचं, म्हणजे गावाचं, स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारी यंत्रणा) वेगळं, त्याचा पैसा वेगळा. मेरीलँडमध्ये एक काउंटी म्हणजे एक डिस्ट्रिक्ट. राज्यात एकूण चोवीसच, तेवीस काउंट्या आणि बाल्टिमोर शहर. माँटगोमेरीत सुमारे १ लाख ६० हजार विद्यार्थी आहेत आणि चाळीस मिडल स्कूल, सहावी ते आठवीची. पोटोमॅकच्या बंगल्यांमधली शाळा आणि व्हीटनच्या अपार्टमेंटांमधली शाळा एकाच बजेटवर चालतात, शिक्षकांची पगारश्रेणी एक, अभ्यासक्रम एक. मी एका टोकाच्या शाळेतून दुसऱ्या टोकाच्या शाळेत बदली घेतली तेव्हा पाठ्यपुस्तकसुद्धा बदललं नव्हतं. बदलली होती फक्त समोर बसलेली मुलं.

तीही आता पूर्वीची राहिली नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी ही काउंटी जवळजवळ सगळी गोरी होती. आज विद्यार्थ्यांमध्ये साधारण एक तृतीयांशाहून जास्त हिस्पॅनिक, पाव हिस्सा गोरे, पाचव्या हिश्श्याहून थोडे जास्त ब्लॅक आणि सातवा हिस्सा एशियन. एल साल्वाडोर, ग्वाटेमाला, होंडुरास इथून आलेली कुटुंबं. सिल्व्हर स्प्रिंगभोवती इथिओपियन. जर्मनटाउन आणि क्लार्क्सबर्गकडे आपली मंडळी. पण हे सगळे चाळीस शाळांमध्ये सारखे विखुरलेले नाहीत, आणि तसं न होण्याला इतिहास आहे. सिल्व्हर स्प्रिंगजवळच्या एका मिडल स्कूलला पूर्वी कर्नल ई. ब्रूक ली यांचं नाव होतं. हे गृहस्थ जमिनीचे प्लॉट पाडून वसाहती उभारणारे. त्यांच्या वसाहतींच्या खरेदीखतांत ‘गोऱ्यांखेरीज कोणाला विकायचं नाही’ अशी कलमं असायची. २०२१ मध्ये नाव बदलून ती ओडेसा शॅनन मिडल स्कूल झाली. शॅननबाई १९८२ मध्ये स्कूल बोर्डावर निवडून आल्या. काउंटीत निवडून आलेल्या त्या पहिल्या ब्लॅक महिला. खरेदीखतातली ती कलमं कधीच बाद झाली, पण कुठे बंगले आणि कुठे चाळवजा इमारती हे तेव्हाच ठरून गेलं होतं.

म्हणून तुमच्या प्रश्नातलं ते वाक्य, “हिस्पॅनिक आणि ब्लॅक मुलं बरीच दिसतात”, त्यावर जरा स्पष्ट बोलते. रागावू नका. पालिकेच्या शाळेत कोण जातं आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत कोण, हे बघून शाळेची पत ठरवायची सवय आपण पुण्याहूनच बरोबर आणतो. इथे फक्त गटांची नावं बदलतात. तक्त्यातले गट तर आणखीच ढोबळ. ‘एशियन’ या एका शब्दात डॉक्टर आईबापांची तेलुगू मुलगी येते आणि रात्रपाळीत काम करणाऱ्या व्हिएतनामी बापाचा मुलगाही येतो. ‘हिस्पॅनिक’वर खूण केली की वंश कोणताही असो, मूल त्याच गटात धरतात. रंगाचे रकाने बघून शाळेत काय शिकवलं जातं ते कळत नाही. घरच्या मिळकतीचा रकाना बघितलात तर निदान आकडा असा का आला, हे थोडंफार कळतं.

तो रकाना म्हणजे फार्म्स. इथे रोजच्या बोलण्यात हाच शब्द: मोफत किंवा सवलतीत जेवण मिळणारी मुलं. घरचं उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांच्या आत असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांच्या आत असेल तर सवलतीत. कागदावर आकडेमोड करू. सगळे आकडे समजुतीसाठी घेतलेत. ‘नऊ’च्या शाळेत ८० टक्के मुलं बऱ्या मिळकतीच्या घरातली, त्यांच्यातली ७० टक्के प्रोफिशियंट, २० टक्के फार्म्स, त्यांच्यातली २५ टक्के. शाळेची सरासरी ६१. ‘चार’च्या शाळेत बऱ्या घरची फक्त ३० टक्के, पण त्यांच्यातली ७४ टक्के प्रोफिशियंट, ७० टक्के फार्म्स, त्यांच्यातली ३० टक्के. सरासरी ४३. आता बघा, बऱ्या घरच्या मुलांना चारची शाळा जास्त चांगलं शिकवते आणि गरीब घरच्या मुलांनाही चारचीच. तरी तक्त्यात ती अठरा गुणांनी मागे. प्रत्येक शाळेत असंच असतं असं मी म्हणत नाही. बरेचदा नऊची शाळा दोन्ही ओळींत पुढेच असते, पण किती पुढे ते सरासरीवरून कळत नाही. तुमच्या मुलीची ओळ शोधा आणि तेवढीच ताडून बघा.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची ओळ तर बघूच नका. त्या गटातलं मूल इंग्रजीत तयार झालं की गटाबाहेर काढलं जातं आणि नवं आलेलं मूल आत येतं. त्यामुळे ती ओळ कधी वर चढतच नाही. काउंटीत साधारण पाचवा हिस्सा मुलं त्या गटात आहेत, आणि चारच्या शाळेची सरासरी खाली दिसण्यात त्यांचा वाटा मोठा.

मग शाळेने काय केलं हे कुठे दिसतं? राज्य प्रत्येक शाळेचं जे रिपोर्ट कार्ड काढतं, त्यात ‘ग्रोथ’ नावाची एक ओळ आहे. मागच्या वर्षी ज्यांचे गुण तुमच्या मुलीइतकेच होते, अशा राज्यभरातल्या मुलामुलींच्या तुलनेत ती यंदा कुठे पोचली, त्याचा हा क्रम. पन्नास म्हणजे मध्यावर. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टांचे निकाल एकत्र लावून पाहिले. त्यात सरासरी गुणांचा घरच्या सुबत्तेशी घट्ट संबंध दिसतो, वर्षागणिक होणाऱ्या प्रगतीचा मात्र फारच सैल. २०१८ पासून राज्य शाळांना एक ते पाच तारे देतं. मिडल स्कूलसाठी त्यात परीक्षेतल्या थेट गुणांचा वाटा एक पंचमांश आणि ग्रोथचा पाव. म्हणजे सरकारी ताऱ्यांनाही सरासरीपेक्षा ग्रोथचं वजन जास्त. तारे फार बारकाईने बघू नका. ७५ टक्के मिळाले की पाच आणि ७४ मिळाले की चार. आतली ग्रोथची ओळ मात्र तीन वर्षांची काढा. एका वर्षाच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. एक गणिताची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि बदली शिक्षक मिळाला नाही, एवढ्यानेही सातवीची ओळ हलते.

आता माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट, जी लपवली तर अप्रामाणिकपणा होईल. बरोबरीची मुलं कोण आहेत याने फरक पडतो, आणि त्याचा एक उत्तम पुरावा याच काउंटीत मिळालाय. १९७४ पासून इथे नियम आहे की मोठी वसाहत बांधणाऱ्याने १२.५ ते १५ टक्के घरं परवडणाऱ्या दरात द्यायची. त्यातली काही काउंटीचं गृहनिर्माण खातं घेतं आणि गरीब कुटुंबांना लॉटरीसारख्या पद्धतीने देतं. त्यामुळे तशाच परिस्थितीतली मुलं काही श्रीमंत वस्तीतल्या शाळेत गेली, काही गरीब वस्तीतल्या. हीदर श्वार्ट्झ यांनी २००१ ते २००७ या काळात अशा ८५८ मुलांचा माग ठेवला. त्याच सुमारास काउंटीने गरीब वस्तीतल्या शाळा ‘रेड झोन’ ठरवून त्यांच्यावर दर मुलामागे जास्त खर्च केला होता. तरीही श्रीमंत वस्तीतल्या शाळांत गेलेली गरीब मुलं पुढे गेली. प्राथमिक शाळा संपेपर्यंत बऱ्या घरच्या मुलांशी असलेलं गणितातलं अंतर त्यांनी निम्म्यावर आणलं, वाचनातलं एक तृतीयांशाने कमी केलं. अभ्यास प्राथमिकचा आहे, मिडल स्कूलचा नाही, पण मी तो गंभीरपणे घेते. फक्त हा फायदा कोणाला झाला ते बघा. ज्या घरात इंग्रजी पुस्तक नाही, शिकवणी नाही, कंपनीच्या विम्याचा आधार नाही, त्या मुलांना. तुमच्या घरी इंजिनिअर बाप आहे आणि रात्री जागून शाळांचे तक्ते वाचणारी आई. तुमच्या मुलीला नऊच्या शाळेने जे द्यायचं, त्यातलं बरंचसं तिला घरीच मिळतंय.

मॅग्नेटबद्दल, म्हणजे काही शाळांतल्या खास विषयांच्या वर्गांबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. गणित, विज्ञान आणि कॉम्प्युटरचे मिडल स्कूल मॅग्नेट टाकोमा पार्क आणि रॉबेर्तो क्लेमेंटे या शाळांत आहेत. भाषा आणि मानव्यविद्यांचे ईस्टर्न आणि मार्टिन ल्यूथर किंगमध्ये. पार्कलँड, आर्गाइल आणि लोइडरमन या तिघींचा संघ वेगळा. तिथे अनुक्रमे विमानविद्या-रोबोटिक्स, डिजिटल डिझाइन आणि कलांवर भर. या शाळांची सरासरी वाचताना एक गोम आहे. मॅग्नेटची मुलं लांबून बसने येतात आणि त्यांचे गुण शाळेच्या खात्यात जमा होतात. ‘टाकोमा पार्कचा निकाल चांगला, तिथे घर घेऊ’ असा हिशोब केलात तर घर मिळेल, मॅग्नेटमधली जागा मिळेलच असं नाही. प्रवेशाची पद्धतही बरीच बदलली. आता पाचवीतल्या सगळ्या मुलांचे गुण तपासून पात्र ठरलेल्यांतून सोडत निघते. मधल्या काळात, मुलाच्या नेहमीच्या मिडल स्कूलमध्ये त्याच्या तोडीची पुरेशी मुलं आहेत का हेही बघत असत, आणि असतील तर त्याचा नंबर मागे पडे. त्यामुळे एशियन मुलांच्या जागा घटल्या असा आक्षेप घेऊन काही पालक २०२० मध्ये कोर्टात गेले. २०२२ मध्ये फेडरल न्यायालयाने दावा फेटाळला. आपल्या लोकांच्या गणपतीत हा विषय अजून निघतो, आणि आरतीपेक्षा जास्त वेळ चालतो. त्या वादातलं एक मात्र तुमच्या कामाचं आहे: त्या काळी नऊच्या शाळेच्या हद्दीत राहणं मॅग्नेटसाठी तोट्याचं ठरत होतं.

तुमची मुलगी पाचवी पुण्यात करून येतेय, म्हणून खरी लढाई वेगळीच आहे: सहावीत तिला गणिताचा कोणता वर्ग मिळतो. सहावीत दोन-तीन पातळ्या असतात, आणि तिथून पुढे सातवीत अल्जिब्रा की आठवीत की नववीत, हे ठरतं. जुने इथले निकाल नसले की ऑफिस बहुतेक वेळा साध्या वर्गात नाव घालतं. नाशिकहून आलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. तीन चतुर्थांश भागिले एक अष्टमांश, उत्तर सहा, मी प्रश्न पुरा वाचायच्या आत. पण खाली ‘हे उत्तर बरोबर कसं ते चित्र काढून समजावा’ असं होतं, तिथे कोरी जागा. त्याने मला विचारलं, “मॅम, उत्तर बरोबर आहे ना, मग चित्र कशाला?” एमकॅपमध्ये त्या चित्राला गुण आहेत. आपली मुलं तिथे अडखळतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत सावरतात. तेव्हा सप्टेंबर उजाडायच्या आत काउन्सेलरला ईमेल करा, पातळी ठरवणारी चाचणी मागा, आणि पुण्याच्या शाळेचा अभ्यासक्रम इंग्रजीत जोडून द्या. लाजू नका. इथे मागणाऱ्याला मिळतं, आणि चारच्या शाळेत मागणारे कमी असतात.

प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असा प्रश्न येईल. निम्मे मराठी पालक घाबरून ‘इंग्लिश’ लिहितात, मुलीवर शिक्का बसेल म्हणून. मराठी असेल तर मराठी लिहा. फार तर इंग्रजीची एक चाचणी होईल. ती जमली तर विषय संपला, नाही जमली तर वर्षभर जास्तीची मदत मिळेल.

दुसरी गोष्ट भारतवारीची. वर्षाच्या एकशेऐंशी दिवसांपैकी दहा टक्के, म्हणजे अठरा दिवस बुडले की मूल ‘क्रॉनिकली अ‍ॅबसेंट’ मोजलं जातं, कारण कळवलेलं असो वा नसो. ताऱ्यांमध्ये या एका गोष्टीला पंधरा टक्के वजन आहे. डिसेंबरच्या सुट्टीला जोडून तीन आठवडे लग्नाला गेलात की दहा-बारा दिवस तिथेच संपले, उरलेले दोन तापांत आणि एका बर्फाळ सकाळी. चांगल्या चांगल्या शाळांचा हा रकाना आपल्याच मंडळींनी खाली आणलेला मी पाहिलाय.

राहिली हद्द. घराच्या जाहिरातीत लिहिलेल्या शाळेवर जाऊ नका. डिस्ट्रिक्टच्या साइटवर पत्ता टाकून शाळा बघा, कारण समोरासमोरच्या दोन गल्ल्या दोन शाळांत जातात. शिवाय हद्दी हलतात. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बोर्डाने क्लार्क्सबर्ग आणि जर्मनटाउनकडच्या हद्दी बदलल्या, त्यात रॉकी हिल आणि नील्सव्हिल या मिडल स्कूलच्याही. शाळेच्या नावावर जास्त पैसे मोजून घर घेतलेल्यांचा संताप त्या सभांमध्ये मी ऐकलाय. काही जण तर आपलेच ओळखीचे होते. हद्द ठरवताना बोर्ड चार गोष्टी बघतं: मुलांची सामाजिक-आर्थिक रचना, अंतर, इमारतीत जागा किती आणि वारंवार बदल न करणं. तुम्ही भाड्याने राहणार, म्हणजे हा धोका तुमच्या डोक्यावर नाही.

पुढच्या महिन्यात नवऱ्याची घर बघायची फेरी आहे म्हणालात. त्यांना दोन्ही शाळांत एकेका सकाळी अर्धा तास पाठवा, आधी फोन करून. काउन्सेलरला तीन गोष्टी विचारायच्या: यंदा सातवीतली किती मुलं अल्जिब्रा १ घेतायत, बाहेरून नव्याने आलेल्या मुलीचा गणिताचा वर्ग कोण आणि किती दिवसांत ठरवतं, आणि गणिताचे किती शिक्षक गेल्या तीन वर्षांत सोडून गेले. तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं तर ते आकड्यासकट मला कळवा, मग दोन्ही घरांबद्दल नक्की काय ते सांगते.